नऊ सेकंदांचा बिघाड

सेकंदरावांनी एक गुडघा जमिनीला टेकवला, सिग्नलच्या पेटीचं कुलूप काढलं आणि दार उघडलं. आतल्या तारांवरून मुंग्यांची रांग चालली होती. ती त्यांनी ब्रशने हलकेच झटकली, पंख्याच्या जाळीवरची धूळ पुसली, आणि चष्मा कपाळावर सरकवून छोट्या पडद्यावरचे आकडे वाचायला ते पुढे वाकले. तेवढ्यात मागे गाडी थांबली. ऑफिसची नव्हती, साहेबांची स्वतःची होती.

साहेब कधी चौकात उतरत नसत. वयाने ते सेकंदरावांच्या मुलीएवढे. कामाला चोख, बोलायला मऊ, आणि वरून फोन आला की कान लाल होणारे. आज त्यांचे दोन्ही कान लाल होते. हातात एक फोल्डर होतं.

“सेकंदराव, इथे पायी जाणाऱ्यांना किती वेळ आहे?”

“सत्तावीस सेकंद.”

“आपल्या रेकॉर्डला अठरा आहे.”

सेकंदरावांनी ब्रशचे केस अंगठ्याने सरळ केले आणि ब्रश शर्टाच्या खिशात ठेवला. थोड्या अंतरावर ऑफिसच्या व्हॅनच्या दारात बसून ड्रायव्हरमामा चहा पीत होते. त्यांचा पेला तोंडापाशी जाऊन थांबला.

“बिघाड आहे का काही?” साहेबांनी विचारलं. विचारलं म्हणण्यापेक्षा उत्तरच हातात ठेवलं.

“नाही. मी केले.”

एकतीस वर्षं सेकंदराव शहरातले सिग्नल सांभाळत होते. हे नाव ऑफिसने ठेवलेलं. चहाला उकळी फुटायला किती वेळ लागतो तेसुद्धा हा माणूस सेकंदांत सांगतो, म्हणून. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. निवृत्तीला चार महिने राहिले होते, आणि इतक्या वर्षांत त्यांच्यावर एकही कागद झाला नव्हता.

हा शाळेपुढचा चौक. दोन वर्षांपूर्वी इथला रस्ता रुंद केला तेव्हा दोन्ही अंगांनी एकेक पट्टा वाढला, झाडं गेली, फुटपाथ आक्रसला. चौदा मीटरचा रस्ता एकवीस मीटरचा झाला. खांब मागे सरकवले, दिवे नवे बसवले, पण पेटीतला वेळ कुणी बदलला नाही. पलीकडच्या बैठ्या घरांतली पोरं रोज सकाळी पावणेआठला इथल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून शाळेत जात. अठरा सेकंदांत मोठी पोरं धावतपळत पार होत. पहिली-दुसरीतली मात्र रस्त्याच्या दोन तृतीयांशावर पोचेपर्यंत हिरवा माणूस लाल होई, गाड्या गुरगुरायला लागत, आणि पोरं दप्तर सावरत धावत सुटत. एकदा एका पोरीच्या हातून पाण्याची बाटली निसटली आणि ती बाटलीसाठी मागे वळली. काही झालं नाही. पण त्या दिवशी सेकंदरावांनी डबा उघडलाच नाही.

त्यांनी फीत धरून रस्ता मोजला. पोरं किती वेगाने चालतात ते घड्याळ लावून मोजलं. मोठ्या माणसाला बावीस सेकंद लागतात, पहिलीतल्या पोराला सत्तावीस, असं ऑफिसला लिहून कळवलं. एकदा नाही, तीनदा. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ एवढंच तिन्ही वेळा परत आलं. मग एका सोमवारी, नेहमीची तपासणी करता करता, त्यांनी अठराचे सत्तावीस केले. सात महिने कुणाच्या लक्षातही आलं नाही.

साहेबांनी फोल्डरमधला कागद पुढे केला. शाळेच्या पालकांची तक्रार होती. सकाळी गाड्यांची रांग पेट्रोल पंपापर्यंत जाते, मुलांना शाळेत आणि पालकांना कामावर पोचायला उशीर होतो, वगैरे. आणि मग एक वाक्य: ‘पूर्वी येथे पादचाऱ्यांसाठी अठरा सेकंद होते, ते कोणीतरी परस्पर सत्तावीस केले आहेत.’

“आता मला हे सांगा,” साहेब म्हणाले, “अठरा यांना कळले कुठून? रस्त्यावर उभं राहून मोजलं तर सत्तावीस कळतील. आधी बरोबर अठराच होते, हे कुणाच्या लक्षात राहतं? आतून कुणीतरी बोललंय.” त्यांची नजर व्हॅनच्या दाराकडे गेली.

सेकंदरावांचं लक्ष कागदाच्या तळाशी होतं. सत्तेचाळीस सह्या. पहिल्या सहीखाली दोन टिंबं होती. प्रगतिपुस्तकावरची बापाची सही बघून बघून ती टिंबं एका दहा वर्षांच्या पोरीने उचलली होती, आणि पुढे कधी सोडली नव्हती.

त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला, जणू वाचायचा राहिला होता.

ही गोष्ट त्यांनी एकाच माणसाला सांगितली होती. त्यांची लेक बबी तेव्हा त्यांच्याच गल्लीत भाड्याने राहायची आणि रोज लेकीचा हात धरून हाच रस्ता ओलांडायची. एका रविवारी ती चहा पिता पिता म्हणाली, बाबा, हल्ली रस्ता ओलांडताना धापच लागत नाही, तुम्ही काही केलंत की काय? त्यांच्या पोटात राहिलं नाही. बबीने तोंडावर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. “अहो बाबा, तुम्ही तर चोर निघालात!” मग आपल्या कपातला निम्मा चहा तिने त्यांच्या कपात ओतला होता.

पुढे तिने बायपासच्या पलीकडे घर घेतलं. नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. तिकडून येणारी बस दुसऱ्याच महिन्यात बंद झाली, तेव्हा तिने एक जुनी गाडी घेतली. चार महिने झाले, ती या चौकात दुसऱ्या बाजूने येत होती.

“आत्ता अठरा करा,” साहेब म्हणाले. “माझ्यासमोर. आणि उद्या दहापर्यंत खुलासा द्या. मसुदा मी तयार करून ठेवतो. पेटीत तांत्रिक बिघाड होता, दुरुस्त केला. तुम्ही फक्त सही करायची. चार महिने राहिलेत, सेकंदराव. मला तुमच्यावर कागद करायला लावू नका.”

“आणि पोरं?”

साहेबांनी रस्त्याकडे पाहिलं. अकरा वाजत आले होते. पट्ट्यांवर चिटपाखरू नव्हतं.

“पोरांसाठी आपण वर लिहू.”

“लिहिलंय. तीनदा.”

“मग चौथ्यांदा लिहू,” साहेब म्हणाले, आणि त्यांचे कान आणखी लाल झाले.

पेटीतलं बटण एका वेळी एकच आकडा खाली आणत असे. ते नऊ वेळा दाबावं लागलं. सेकंदरावांनी दार लावलं, कुलूप घातलं, ओढून पाहिलं.

चौक मागे पडल्यावर ड्रायव्हरमामांनी गिअर बदलला. मग एकदम म्हणाले, “केसानं गळा कापला तुमचा कुणीतरी. आणि साहेबाला वाटतंय, मीच. शप्पथ सांगतो, सेकंदराव, मला तर आज कळलं—”

“तुम्ही नाही, मामा.”

“मग कोण?”

सेकंदराव समोरच्या काचेकडे बघत होते.

“वायपर बदलून घ्या,” ते म्हणाले. “रबर गेलंय.”

*

संध्याकाळी घरी आले तेव्हा बायको टेबलाशी मटार सोलत बसली होती. आतल्या खोलीत नात जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. शाळा सुटली की आजीच तिला पायी घरी आणायची. लॅबमधून सुटल्यावर बबी येऊन तिला घेऊन जायची.

सेकंदराव हात-पाय धुऊन समोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. साहेब, कागद, बटण. सही तेवढी सांगितली नाही.

बायको ऐकत होती. तिचा हात थांबला नाही, पण दाणे सालांच्या भांड्यात आणि सालं दाण्यांच्या भांड्यात पडायला लागली.

“तरीच,” ती म्हणाली. “आज दुपारी आम्ही मधोमध असतानाच लाल झाला. मला वाटलं, माझेच पाय जड झाले.”

सेकंदराव तिच्याकडे पाहत राहिले. तक्रार कुणी केली, हे तिने विचारलं नव्हतं. कुणीही आधी तेच विचारलं असतं.

“तुला माहीत होतं.”

तिने सालांतले दाणे एकेक करून वेचायला घेतले.

“अर्ज करणार आहेत म्हणाली होती. तुमचं नाव येणार नाही म्हणाली.”

“कधी?”

“झाले पंधरा दिवस.”

पंधरा दिवस. म्हणजे तीस जेवणं. त्यांना नको असताना हिशेब झालाच.

“मला सांगावंसं वाटलं नाही?”

“काय सांगू? तुम्हाला सांगितलं तर तिला तोंडघशी पाडायचं, नाही सांगितलं तर तुम्हाला. आपलेच दात, आपलेच ओठ.” तिने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. “आणि मला वाटलं, कागदच आहे. तुमच्या ऑफिसात कागदाचं काही होतं कधी?”

यावर इतर वेळी ते हसले असते.

सातच्या सुमाराला खाली गाडी थांबली. बबी जिना चढून आली ती दमलेली. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना स्पिरिटचा वास. तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, मटारचे चार दाणे तोंडात टाकले, आणि मग आईचा चेहरा पाहिला.

“काय झालं?”

“बबे,” सेकंदराव म्हणाले, “कागदावर ते अठरा कुणी घातले?”

खोटं बोलायचं असतं तर तिला वेळ होता. तिने पर्स खांद्यावरून काढून खुर्चीला अडकवली.

“मी.”

“आणि ‘परस्पर’?”

“तो शब्द आमच्या वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंचा. मी काढा म्हणत होते.”

“पण राहिला.”

“राहिला.”

आत नातीने रंगांची पेटी उपडी केल्याचा आवाज आला. बायको उठून आत गेली आणि तिने मधलं दार लोटून घेतलं.

“बाबा, साडेआठला लॅबमध्ये माणसं उपाशीपोटी बसलेली असतात,” बबी म्हणाली. ती उभीच होती. “म्हातारी माणसं. साखरेची दुखणी. मी पोचते नऊला. परवा एक आजोबा खुर्चीतून खाली आले, चक्कर येऊन. सगळे माझ्याकडे बघत होते. तीनदा लेखी ताकीद मिळालीय मला. चौथ्यांदा नुसतं लेखी देणार नाहीत.”

“मला म्हणायचं होतंस.”

“काय म्हणायचं होतं? बाबा, त्या पोरांचे नऊ सेकंद मला द्या? दिले असतेत?”

त्यांनी टेबलावरच्या किल्ल्या सरळ करून ठेवल्या.

“नसतेच दिले. आणि मी मागू शकले नसते, तेही तुम्हाला माहीत आहे.”

“थोडं लवकर निघायचं.”

“साडेपाचला उठवते मी तिला. झोपेत दात घासते ती.” बबीचा आवाज चढला, मग दाराकडे बघून तिने तो खाली आणला. “बस होती तोवर मी कधी गाडीचं नाव काढलं होतं? बस बंद करताना मला कुणी विचारलं? सत्तेचाळीस जण आहेत त्या कागदावर, बाबा. त्यातले निम्मे गेल्या वर्षीपर्यंत लेकराचा हात धरून चालतच यायचे.”

“तूसुद्धा.”

“मीसुद्धा.”

ती खुर्चीवर बसली. दोघांच्या मध्ये टेबलावर मटारच्या सालांचा ढीग होता. तिने त्यातलं एक साल उचललं आणि नखाने त्याची शीर सोलत राहिली.

“तुमचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही.”

“घेतलं असतंस तर बरं झालं असतं.”

तिने वर पाहिलं.

“माझ्या पोरीने माझ्याविरुद्ध तक्रार केली, असं तरी झालं असतं,” सेकंदराव म्हणाले. “समोरून. हे तू—” पुढचा शब्द त्यांना सापडला नाही, की सापडून त्यांनी तो गिळला. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तसाच खाली ठेवला.

“आणि तुम्ही कुणाला विचारून केलं होतंत?” बबी हळूच म्हणाली. “पेटी तुमच्या हातात होती, तुम्ही आकडा बदललात. माझ्या हातात कागद होता.”

ती हे बोलली, आणि तिच्या तोंडावरून असं वाटलं की बोलल्यावर तिलाच ते आवडलं नाही. पण शब्द काही परत घेता येत नाहीत.

मधलं दार उघडून नात आली. दप्तर पाठीवर, एक बूट पायात, एक हातात. नेहमीसारखी ती आजोबांपुढे येऊन उभी राहिली आणि तिने पाय पुढे केला. सेकंदरावांनी खाली बसून तिच्या पायात बूट घातला, नाडी बांधली, ओढून पाहिली.

“आजोबा, आज ना आजी रस्त्यात पळाली,” नात म्हणाली. “आजी पळते तेव्हा कशी दिसते सांगू?”

कुणी हसलं नाही, तेव्हा ती आईचा हात धरून जिन्याकडे गेली. बबी दारात क्षणभर थांबली.

“येते, बाबा,” ती म्हणाली.

“ये.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सेकंदराव चौकात गेले ते घरच्याच कपड्यांत. जाऊन करायचं काय, हे त्यांचं ठरलं नव्हतं. पेटीपाशी उभं राहून त्यांनी नुसता तिच्यावर हात ठेवला. आतला पंखा चालू असल्याची बारीक थरथर हाताला लागली.

पावणेआठला बैठ्या घरांकडून पोरं यायला लागली. सगळ्यांत पुढे एक चष्मेवाली मोठी मुलगी. तिच्या दोन्ही हातांना एकेक लहान, त्या लहानांच्या हातांना आणखी एकेक. पाच जणींची साखळी. सात महिन्यांत या साखळीला एक चाल सापडली होती: भरभर नाही, रेंगाळत नाही, पांढऱ्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देत. हिरवा माणूस दिसला आणि त्या त्याच चालीने निघाल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

अठराव्या सेकंदाला साखळी दुभाजकाच्या थोडी पुढे होती.

माणूस लाल झाला. मोठी मुलगी थबकली. तिने पुढे पाहिलं, मागे पाहिलं, दोन्ही अंतरं तिला सारखीच वाटली असावीत. साखळीच्या टोकाची लहानगी अजून पांढऱ्या पट्ट्यावरच पाय पडावा म्हणून उडी मारत होती. गाड्यांच्या पहिल्या ओळीने गिअर टाकले.

सेकंदराव फुटपाथवरून खाली उतरले. हात वर करून ते पहिल्या गाडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. ती गाडी कचकन थांबली. शेजारच्या पट्ट्यातली शाळेची व्हॅनही थांबली.

“ओ आजोबा! सिग्नल सुटलाय, दिसत नाही का?”

त्यांनी हात खाली घेतला नाही. एक स्कूटरवाला दोन गाड्यांच्या फटीतून घुसला, त्याचा आरसा सेकंदरावांच्या कोपरावर आदळला, आणि तो मागे न बघता निघून गेला. हॉर्न सुरू झाले होते. आधी एकदोन, मग मागून पुढे पसरत आलेले सगळेच. त्यात एक आवाज वेगळा होता. बाकीचे तुटक वाजत होते; हा सलग होता. हॉर्नवर हात ठेवलाय आणि उचलायचंच नाही, असं ठरवल्यासारखा.

तो व्हॅनच्या मागून येत होता. सेकंदरावांनी मान तिरकी केली. व्हॅनच्या आडून त्यांना गाडीचा एक कोपरा आणि रंग उडालेलं टप दिसलं. ते टप त्यांनीच गेल्या महिन्यात पॉलिश लावून घासलं होतं, तरी डाग गेला नव्हता.

व्हॅन मध्ये होती. गाडी कोण अडवतंय हे मागच्या माणसाला दिसणं शक्य नव्हतं. ते त्यांना पटत होतं. हॉर्न मात्र वाजत होता.

“चला,” ते मुलींना म्हणाले. “सावकाश. पळायचं नाही.”

साखळी पलीकडे पोचली. टोकाची लहानगी शेवटच्या पट्ट्यावर दोन्ही पाय जुळवून उतरली. मग सेकंदराव बाजूला झाले, फुटपाथवर चढले, आणि दुसऱ्या हाताने कोपर धरून उभे राहिले.

गाड्या सुटल्या. पहिली गेली, व्हॅन गेली. मग ती आली. बबीची नजर सिग्नलवर होती, वर. ती खाली आली तेव्हा त्यांच्यावर पडली. तिचा हात अजून स्टिअरिंगच्या मधोमध होता. तिने तो उचलला, पण थांबणं आता तिच्या हातात नव्हतं. मागची रांग ढकलतच होती. गाडी पुढे गेली. मागच्या काचेत नात गुडघ्यांवर उभी होती आणि दोन्ही हात हलवत होती. गाडी शाळेच्या फाटकाकडे वळेपर्यंत ती हलवत राहिली. सेकंदरावांनीही हात हलवला. जो दुखत नव्हता, तो.

*

दहा वाजता साहेबांनी मसुदा टेबलावरून पुढे सरकवला. चार ओळी होत्या. तांत्रिक बिघाडामुळे वेळेत फरक पडला होता, तो दुरुस्त करण्यात आला आहे. खाली सहीची जागा.

सेकंदरावांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि परत सरकवला.

“एक कोरा कागद द्याल?”

त्यांनी बराच वेळ लिहिलं. कोपर टेबलाला टेकत नव्हतं, म्हणून अक्षर थोडं उतरतं आलं. रस्ता आधी चौदा मीटर होता, आता एकवीस आहे. मोठ्या माणसाला बावीस सेकंद, लहान मुलाला सत्तावीस. तीन पत्रांच्या तारखा आणि जावक क्रमांक त्यांना पाठ होते, तेही लिहिले. शेवटी लिहिलं: वेळ मी स्वतः, विनापरवानगी वाढवला. पेटीत कोणताही बिघाड नव्हता.

साहेबांनी वाचलं. मग खिडकीकडे बघून म्हणाले, “हे वर गेलं तर चौकशी लागेल तुमची.”

“लागू दे.”

“आणि मग ते रस्ता मोजतील.”

“मोजू देत.”

साहेबांनी तक्रारीचा कागद फोल्डरमधून काढून शेजारी ठेवला.

“अठराचं राहिलं. मामांचा जबाब घ्यावा लागेल मला.”

“मामांना नका मध्ये ओढू. ते माझ्याच तोंडून गेलं.”

“कुणापाशी?”

सेकंदराव पेनाचं टोपण लावत होते. ते बसत नव्हतं.

“तुमची मुलगी त्याच शाळेत सोडते ना लेकीला?” साहेबांनी विचारलं. त्यांचं बोट तक्रारीच्या तळाशी, पहिल्या सहीजवळ होतं. सहीवर नव्हतं, जवळ होतं.

“बोलायच्या ओघात बोललो असेन कुणापाशी तरी,” सेकंदराव म्हणाले. “आता आठवत नाही.”

एकतीस वर्षं ज्या माणसाला प्रत्येक चौकाचा प्रत्येक आकडा पाठ होता, त्याच्याकडे साहेबांनी पाहिलं. मग त्यांनी तक्रारीचा कागद दुमडला, परत फोल्डरमध्ये घातला आणि वरून सेकंदरावांचा खुलासा ठेवला.

“पेटीची चावी ठेवून जा,” ते म्हणाले. “चौकशी होईपर्यंत स्टोअरला बसा.”

जुडग्यातून चावी काढायला वेळ लागला. एका हाताने कडं उघडत नव्हतं. साहेब मदतीला उठले, पण तोवर निघाली.

स्टोअरमध्ये जुने दिवे थप्पीने रचलेले होते. लाल काचा एकीकडे, पिवळ्या एकीकडे, तडा गेलेल्या हिरव्या एका खोक्यात. सेकंदराव एका स्टुलावर बसले. साडेबारा वाजले; बायको आता नातीचा हात धरून पट्ट्यांपाशी उभी असेल. त्याच वेळी फोन वाजला.

“बाबा, सकाळी ते तुम्ही होतात.”

“हो.”

“मला व्हॅनमुळे दिसलं नाही. खरंच दिसलं नाही.”

“माहीत आहे.”

पलीकडे कुणीतरी कुणाचा तरी नंबर पुकारत होतं. बबीने फोनवर हात ठेवून काहीतरी सांगितलं, मग ती परत आली.

“आज मी वेळेवर पोचले,” ती म्हणाली.

“बरं झालं.”

ती फोन ठेवेल असं त्यांना वाटलं, पण तिने ठेवला नाही.

“पिल्लू म्हणत होती, आजोबा हात धरून उभे होते.” “बाबा, लागलं नाही ना तुम्हाला कुठे?”

सेकंदरावांनी बाही कोपराखाली ओढून घेतली.

“नाही,” ते म्हणाले. “कुठेच नाही.”